हातात राहणारा गेम

जुना गेम विकायला कुणी आलं की मी कव्हर बघत नाही. डिस्क बाहेर काढतो, उलटी करतो आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो. ओरखडा दिसला तर त्यावरून नख फिरवतो. नख अडकलं नाही तर बहुधा काळजीचं कारण नसतं. अडकलं, तर पुढचं सगळं डिस्क कुठल्या पिढीची आहे त्यावर ठरतं. सीडीत माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. त्यामुळे खालच्या बाजूचं प्लास्टिक घासून ओरखडा काढता येतो, पण लेबलच्या बाजूने चरा गेला की डिस्क कायमची गेली. डीव्हीडीत हा थर दोन प्लास्टिकच्या मधोमध, खालून ०.६ मिलिमीटरवर असतो. तिथेही पॉलिश चालतं. ब्लू-रेमध्ये मात्र तो खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो. वरून कडक लेप असल्यामुळे ती सहजासहजी खरवडत नाही, पण चरा एकदा खोल गेला की घासायला प्लास्टिकच उरत नाही. अशी डिस्क मी घेत नाही आणि का घेत नाही तेही समोरच्याला उजेडात धरून दाखवतो.

पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून चार पावलांवर माझं दुकान आहे. कन्सोल दुरुस्त करतो, वापरलेले गेम घेतो आणि विकतो. स्वतः खेळतोही. दुरुस्त केलेला कन्सोल दोन-तीन तास भारी गेमवर चालवून बघितल्याशिवाय परत द्यायचा नाही असा नियमच आहे, आणि तो नियम मी आनंदाने पाळतो. या धंद्याबद्दल माझी जी मतं आहेत ती बोर्ड उघडता उघडता आणि काउंटरवर माणसांशी बोलता बोलता झालेली आहेत. त्यातलं सर्वांत पक्कं मत हे, की पैसे मोजून घेतलेला गेम घेणाऱ्याच्या हातात राहिला पाहिजे. तो मित्राला देता आला पाहिजे, नको झाला की विकता आला पाहिजे आणि यंत्र बिघडलं तर जवळच्या कारागिराकडून नीट करून घेता आलं पाहिजे. या तिन्ही गोष्टी हळूहळू आपल्या हातून काढून घेतल्या जात आहेत आणि तरण्या पोरांना त्या कधी आपल्या होत्या याचीही आठवण नाही.

प्लेस्टेशन ५ चा मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांना येतो. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला तेवढ्यात महिन्याची मेस येते. तरी तो गेम घेतो. तीन-चार आठवड्यांत संपवतो आणि माझ्याकडे आणतो. मी त्याची जी किंमत देतो त्यात थोडी भर घालून तो दुसरा गेम नेतो. त्याची डिस्क मग कोथरूडला जाते, परत येते, हडपसरला जाते, परत येते, पिंपरीला जाते. दर फेरीला तिची किंमत उतरते. शेवटी ती अशा घरात पोचते जिथे नवा गेम घेण्याचा विचारसुद्धा कुणी केला नसता. नर्सिंगला शिकणारी एक मुलगी माझ्याकडून फक्त भयकथांचे गेम नेते आणि तेही हजाराच्या आतले. नवे गेम किती चांगले झालेत आणि किती बिघडलेत यावर तिच्याइतकं नेमकं बोलणारा माणूस मला भेटलेला नाही. तिचं सगळं शिक्षण वापरलेल्या डिस्कवर झालेलं आहे.

कंपन्यांचं म्हणणं मला माहीत आहे. वापरलेला गेम विकला गेला की तो बनवणाऱ्याला एक रुपयाही मिळत नाही. हे खरंच आहे. पण जुना गेम विकून आलेला पैसा मुलं दुधावर खर्च करत नाहीत, तो पुढच्या नव्या गेमवर जातो. जुन्याला किंमत येते म्हणूनच नव्याला ४,९९९ मोजायची हिंमत होते. हे चक्र माझ्या काउंटरवर रोज फिरतं. ते थांबवलं तर नवे गेम जास्त विकले जातील असं ज्यांना वाटतं त्यांनी हे चक्र जवळून पाहिलेलं नाही.

आपल्याकडे व्हिडिओ गेम आला तोच मुळी देवाणघेवाणीतून. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम आणला. नव्वदच्या दशकात तो आपल्या घरांत पोचला तो नकलेच्या रूपात. वर ‘मीडिया’ असं काहीतरी लिहिलेलं असायचं. आत बघाल तर सगळं यंत्र एका काळ्या राळेच्या थेंबाखाली दडलेलं. त्या थेंबाखालची चिप गेली की काही करता यायचं नाही. बाकी अडॅप्टर, टीव्हीला जोडायची वायर, रिमोटच्या बटणाखालचं रबर, हे सगळं टीव्ही मेकॅनिक नीट करून द्यायचा. मी सोल्डरिंग शिकलो ते अशाच एका टीव्ही मेकॅनिककडे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. गेमला आम्ही कॅसेट म्हणायचो, आणि एका कॅसेटवर लाखभर गेम असल्याचा दावा असायचा. प्रत्यक्षात तेच पाच-पंचवीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. एका वाड्यात चार घरांत चार कॅसेटी असल्या की सगळ्या वाड्याकडे चार कॅसेटी असायच्या. त्या नकला होत्या, त्यातून निन्टेन्डोला काही मिळालं नाही, आणि निन्टेन्डोने आपला स्विच आजवर भारतात अधिकृतपणे विकायला आणलेला नाही. जो येतो तो बाहेरून आणलेला, वॉरंटीशिवाय. या दोन गोष्टींचा संबंध किती ते मी सांगू शकत नाही, पण इथल्या खेळाडूची त्या कंपनीच्या खेळांवरची माया मी पाहतो आणि एवढा मोठा दरवाजा बंद का ठेवला असेल याचं वाईट वाटतं.

प्लेस्टेशन २ च्या काळातही नकली डिस्क ढिगाने विकल्या गेल्या. ते समर्थन करण्यासारखं नव्हतंच. त्याचं एक नुकसान थेट आपलं झालं. सोनीने त्या काळात भारतासाठी भारतातच गेम बनवून घेतले होते. २००९ मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला, ‘देसी अड्डा’ आला. ‘देसी अड्डा’त विटीदांडू होता, कबड्डी होती. हैदराबादच्या लोकांनी ते बनवले होते. खेळ म्हणून ते साधे होते, घाईत केल्यासारखे वाटायचे. पण ती वाट तशीच पुढे गेली असती तर आज आपल्याकडे मोठ्या पडद्यासाठी गेम बनवणारी दोन पिढ्यांची माणसं असती. ती वाट मोबाइलकडे वळली. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’ आणला. राजस्थानच्या वास्तुकलेवर आणि आपल्या पुराणकथांवर उभा केलेला तो गेम आधी स्विचवर आला आणि नंतर इतर कन्सोलवर. तेव्हा मला झालेला आनंद मोठा होता. आपल्या गावात बनलेला गेम, आणि ज्या कन्सोलची इथे अधिकृत विक्रीच नाही त्यावर आधी.

एक सांगायचं राहिलं. ‘देसी अड्डा’ची डिस्क आजही प्लेस्टेशन २ मध्ये टाकली की चालते. इंटरनेट लागत नाही, खातं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. लेन्सच्या सळ्यांवरचं ग्रीस वाळलेलं असतं, ते पुसून नवं लावायचं, लेन्स साफ करायची, झालं.

दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेतून पाहिलं तर या धंद्याचा इतिहास वेगळा दिसतो. एक्सबॉक्स ३६० आपल्याकडे सप्टेंबर २००६ मध्ये आला. त्याच्या पुढच्या गोल दिव्याचे तीन भाग लाल झाले की यंत्र गेलं, हे जगभर प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास युरोपच्या नियमांमुळे सगळा उद्योग शिशाविरहित सोल्डरकडे वळत होता. शिशाचं सोल्डर १८३ अंशाला वितळतं, नवं २१७ च्या आसपास. ते अधिक कडक आणि ठिसूळ, त्यामुळे यंत्र तापून थंड होताना सांधे तडकतात असा सगळ्या दुरुस्ती बाजाराचा समज होता. त्यातून रीबॉलिंगचं काम निघालं. मोठी चिप गरम हवेने उचलायची, खालचे जुने सोल्डरचे गोळे साफ करायचे, जाळी ठेवून नवे गोळे बसवायचे आणि चिप परत तापवून जागेवर टेकवायची. कारागिराचा हात किती स्थिर आहे ते या कामात कळतं. पुढे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच केलेल्या माहितीपटात कंपनीच्या माणसांनी सांगितलं की तडे चिपच्या वेष्टनाच्या आतल्या जोडांत जात होते, वारंवार चालू-बंद होताना बदलणाऱ्या तापमानामुळे. म्हणजे यंत्र टॉवेलात गुंडाळून तापवण्याचा लोकांचा उपाय काही दिवस का चालायचा आणि नंतर का फसायचा, ते तेव्हा नीट उमगलं.

मला या प्रकरणात महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला, या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला ठेवली. यंत्र वाईट निघालं तरी घेणाऱ्याची बाजू धरली गेली. दोष लपवला गेला असता तर ती कंपनी या धंद्यात टिकली नसती असं मला वाटतं.

पण त्याच ३६० मध्ये आणखी एक गोष्ट होती, जिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. डिस्क ड्राइव्ह आणि मुख्य बोर्ड एकमेकांशी गुप्त किल्लीने बांधलेले होते. दुसऱ्या यंत्रातला चांगला ड्राइव्ह काढून बसवला तर तो चालायचा नाही. प्लेस्टेशन ३ आणि ४ मध्येही तसंच. त्यावर आमचा उपाय म्हणजे ड्राइव्हचा जुना छोटा बोर्ड जपून ठेवायचा आणि नव्या ड्राइव्हच्या यांत्रिक भागाला तोच लावायचा. तो बोर्डच जळला असेल तर यंत्र डिस्कपुरतं मेलं. नकली डिस्क रोखायला हे केलं हे मान्य. पण त्याचा भार पडला तो लेन्स गेलेल्या प्रामाणिक ग्राहकावर. अमेरिकेत २०२१ मध्ये कॉपीराइटच्या नियमांतून कन्सोल दुरुस्तीला सूट मिळाली तीही फक्त या ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती. २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ चं बारीक मॉडेल आलं, त्यात ड्राइव्ह सुटा काढता येतो. हे पाहून मला फार बरं वाटलं होतं. मग कळलं की तो पहिल्यांदा बसवताना इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी ओळख पटवावी लागते. आज सर्व्हर आहे, ओळख पटते. तीस वर्षांनी कुणी हे यंत्र माळ्यावरून काढेल आणि ड्राइव्ह बदलायची वेळ येईल तेव्हा ती ओळख कोण पटवणार?

हा प्रश्न हवेतला नाही. प्लेस्टेशन ४ च्या बोर्डवर घड्याळासाठी नाण्याएवढा सेल असतो, वजनकाट्यात किंवा गाडीच्या रिमोटमध्ये असतो तोच सीआर २०३२. २०२१ मध्ये खेळाडूंनी तपासून दाखवलं की हा सेल संपला आणि कन्सोल सर्व्हरशी जोडता आला नाही, तर हातातल्या डिस्कवरचा गेमसुद्धा सुरू होत नाही. कारण काय, तर खेळात मिळणाऱ्या ट्रॉफीची वेळ खरी असल्याची खात्री यंत्राला हवी असते. ट्रॉफीच्या तारखेसाठी पूर्ण लायब्ररी बंद. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ९.०० या अपडेटने हा अडथळा निघाला. कंपनीने त्याचा गाजावाजा केला नाही, पण केलं ते योग्यच केलं. माझ्याकडे सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक प्लेस्टेशन ४ चा सेल मी न विचारता मोजतो आणि उतरलेला असेल तर बदलतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

विकल्यानंतर यंत्रातून काही काढून घेण्याचंही उदाहरण आहे. प्लेस्टेशन ३ सुरुवातीला विकला गेला तेव्हा त्यावर लिनक्स टाकायची सोय होती. विद्यापीठांनी त्याचा उपयोग केला. अमेरिकेच्या हवाई दलाने तर १,७६० यंत्रं जोडून महासंगणक उभारला. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने ती सोय बंद झाली. अपडेट नाकारला तर ऑनलाइन खेळता येईना. सोनीवर अमेरिकेत खटला झाला आणि तडजोडीत संपला. दुकानातून नेलेल्या कपाटाचा एक कप्पा चार वर्षांनी सुतार येऊन काढून घेऊन गेला, तर आपण काय म्हणू? त्या वेळी मात्र बहुतेकांनी खांदे उडवले, कारण लिनक्स वापरणारे थोडे होते.

म्हणून २०१३ चा जून मला मोलाचा वाटतो. तेव्हा थोड्यांचा प्रश्न सगळ्यांचा झाला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी जाहीर केलं की यंत्राला दर चोवीस तासांतून एकदा इंटरनेटशी जोडावं लागेल आणि वापरलेल्या गेमवर बंधनं येतील. खेळणारे उसळले. सोनीने एक छोटी चित्रफीत काढली. प्लेस्टेशनवर गेम मित्राला कसा द्यायचा? एका अधिकाऱ्याने डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली, संपलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या. मला आजही त्या दिवसांचं कौतुक आहे. सामान्य खेळाडूचं न ऐकून चालत नाही हे एकदा तरी सिद्ध झालं.

पण जे त्या दिवशी दारातून आत येऊ शकलं नाही ते मागच्या खिडकीतून आलं. कुणी डिस्कवर बंदी घातली नाही, डिस्क टाकायची जागाच काढली. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आला. जानेवारीतली आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली होती. ड्राइव्ह असलेल्याची किंमत ४९,९९० आणि नसलेल्याची ३९,९९०. पुढे दोन्हींच्या किमती पाच-पाच हजारांनी वाढल्या, पण अंतर तेव्हाही दहा हजारांचंच राहिलं. दहा हजार रुपये वाचत होते म्हटल्यावर माणूस मोहात पडणारच. २०२४ च्या अखेरीला आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्ये तर ड्राइव्ह मुळातच नाही, हवा तर वेगळा घ्यायचा. वायफायसाठी लागणारी ६ गिगाहर्ट्झची लहर इथे तेव्हा मोकळी नसल्यामुळे तो त्या वेळी भारतात आला नाही.

बिनड्राइव्हचा एक कन्सोल विकायला आलेले एक गृहस्थ मला विसरता येत नाहीत. मुलगा बारावीला गेला म्हणून घरातून यंत्र काढायचं होतं. मी यंत्राची किंमत सांगितली. ते म्हणाले, “आणि गेमचं काय धरणार, दादा? वीस-बावीस हजारांचे गेम घेतलेत याने.” मी म्हटलं, “काका, गेम खात्यावर आहेत. खातं विकता येत नाही, गेम काढून देता येत नाहीत.” ते मुलाकडे बघत राहिले. मुलगा म्हणाला, “बाबा, मी सांगितलं होतं ना.” त्यावर त्यांनी मला जे विचारलं त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. ते म्हणाले, “मग पावतीवर ‘खरेदी’ का लिहितात?”

कॅलिफोर्निया राज्यात याच प्रश्नावर २०२४ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल वस्तू विकताना ती मालकी नसून वापराचा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. त्या काकांसाठी एवढंही पुरेसं झालं असतं. निदान त्यांनी दहा हजार वाचवताना दुसऱ्या बाजूला काय जातंय ते मोजलं असतं.

डिजिटलचे फायदे मी नाकारत नाही. लहान गावात जिथे दुकान नाही तिथे तो एकच मार्ग आहे. छोट्या स्टुडिओला डिस्क छापून जगभर पाठवणं परवडत नाही. सवलतीत पाच-सहाशे रुपयांत उत्तम गेम मिळतो. पण दुकानाचा मालक एकच असला की भाव, सवलत आणि माल ठेवायचा की काढायचा हे सगळं त्याच्या मर्जीवर जातं. ‘पी.टी.’ नावाचा भयपटासारखा छोटा नमुना गेम २०१४ मध्ये फुकट आला. एप्रिल २०१५ मध्ये कोनामीने तो प्लेस्टेशनच्या दुकानातून काढला. ज्यांच्या यंत्रात तो होता त्यांच्याकडेच तो राहिला. तो असलेला प्लेस्टेशन ४ फॉरमॅट करणं म्हणजे एखादी कलाकृती पुसणं आहे असं मी मानतो, म्हणून जुनं यंत्र आलं की आधी आत काय आहे ते बघतो. निन्टेन्डोच्या ३डीएस आणि वी यू ची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद झाली. एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवलं की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळतच नाहीत. हे गेम कुठे जिवंत असतील तर ते माझ्यासारख्यांच्या फळ्यांवर आणि लोकांच्या माळ्यांवर.

स्विच २ बरोबर २०२५ मध्ये आणखी एक प्रकार आला. डबा आहे, आत कार्ड आहे, पण त्या कार्डावर गेमच नाही. गेम उतरवून घ्यायची किल्ली फक्त आहे. ते कार्ड निदान विकता तरी येतं. पण सर्व्हर गेला की उरतं ते प्लास्टिक.

आता रिमोटबद्दल, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त तोच येतो. स्टिकला हात न लावता पडद्यावरचा माणूस आपोआप एका बाजूला सरकत जातो, याला सगळे ड्रिफ्ट म्हणतात. स्टिकच्या खाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्यासाठी आणि एक उभ्यासाठी. त्यात कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते. पट्टी झिजली की चुकीचं मोजमाप सुरू होतं. हे घासण्यावरच चालणारं असल्यामुळे झिजणारच. स्विचच्या जॉय-कॉनचं हे दुखणं इतकं वाढलं की २०२० मध्ये निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. उपाय माहीत नव्हता असंही नाही. चुंबक आणि हॉल सेन्सर वापरले तर काहीच घासत नाही, आणि सेगाने ड्रीमकास्टच्या रिमोटमध्ये ते १९९८ मध्येच वापरले होते. आज बाहेरच्या छोट्या कंपन्या तसे रिमोट मूळ रिमोटपेक्षा स्वस्त विकतात. मी जुना भाग काढून हॉल सेन्सरचा बसवून देतो. चौदा टाके उकलायचे असतात, बोर्डाचे पट्टे उपटू न देता. तासाभराचं काम. सहा हजारांच्या आसपासचा रिमोट त्यामुळे टाकून द्यावा लागत नाही. मूळ रिमोटमध्ये हा भाग खाचेत बसवून हाताने बदलता येईल असा करता येतो. सोनीने आपल्या महागड्या एज रिमोटमध्ये तसा केलाही आहे. मग तो साध्या रिमोटमध्ये का नको? जो जास्त पैसे देऊ शकत नाही त्यालाच तर सुट्या भागाची गरज जास्त असते.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, संकेतस्थळ काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली मुख्य क्षेत्रं. कन्सोल त्या यादीत यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. बोर्डाचा नकाशा आणि सुटे भाग मिळाले तर तपकीर गल्लीतली पोरं जगात कुणाला हार जाणार नाहीत. आज ती नकाशाशिवाय, मेलेल्या बोर्डांवर मल्टिमीटर लावून, एकेक वाट शोधत काम करतात.

गेम बनवणाऱ्यांचं आयुष्यही मला काउंटरवरून थोडं दिसतं. परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या इथल्या एका स्टुडिओत चाचणीचं काम करणारा एक मुलगा येतो. एकाच भिंतीला शंभर कोनांतून धडकत राहायचं, कुठे आरपार जाता येतं का ते बघायचं आणि नोंद करायची, हे त्याचं काम. त्याची नजर पाहून मी थक्क होतो. त्याने तपासलेल्या एका गेमच्या शेवटच्या नामावलीत त्याचं नाव नव्हतं, हे त्याने मला अगदी साध्या आवाजात सांगितलं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६,९०० कोटी डॉलर देऊन ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली आणि साडेतीन महिन्यांत गेम विभागातल्या १,९०० माणसांना काढलं. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. वर्षानुवर्षं शेकडो माणसांनी खपून केलेलं काम, दोन आठवड्यांत नाहीसं. घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले ही गोष्ट चांगली झाली. पण बनवणाऱ्यांना आपण केलेलं कुणाला दाखवायला एक डिस्कही उपयोगाची उरली नाही, कारण सर्व्हरशिवाय तो गेम चालतच नाही. घेणाऱ्याच्या हातात गेम राहावा असं मी म्हणतो ते बनवणाऱ्यासाठीही म्हणतो.

युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेला गाड्यांचा तो गेम एकट्यानेही खेळता येईना. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि युरोपीय संघाकडे दाद मागायला लागणाऱ्या दहा लाख सह्यांचा टप्पा तिने २०२५ मध्ये ओलांडला. त्यांची मागणी साधी आहे. सर्व्हर कायम चालवा असं ते म्हणत नाहीत. बंद करताना गेम चालू राहील अशी शेवटची सोय करून द्या, एवढंच. मला यात कंपनीवर अन्याय दिसत नाही.

दुकानात येऊन कुठला कन्सोल घेऊ असं विचारणाऱ्याला मी ब्रँड सांगत नाही. ड्राइव्ह असलेला घ्या म्हणतो, आणि बारीक मॉडेल असेल तर ड्राइव्ह घरी नेल्या दिवशीच जोडून ओळख पटवून ठेवा म्हणतो. पावसाळ्यात टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नका, ऊब मिळाली की झुरळं पॉवर सप्लायमध्ये शिरतात. एचडीएमआयची वायर ओढून काढू नका, सगळ्यात जास्त बोर्ड त्या एका पोर्टपायी माझ्याकडे येतात. पहिले दोन गेम माझ्याकडचे वापरलेले न्या, आवडले नाहीत तर महिन्याभरात बदलून देईन. आणि शेजारी कुणाकडे तेच यंत्र असेल तर त्यांच्याशी आधी बोला, दोघांनी मिळून वेगवेगळे गेम घ्या.